डावीकडे ओढणारी जिप्सी

गाडी एका बाजूला ओढते असं म्हटलं की आपल्याकडं एकच उत्तर तयार असतं : अलाइनमेंट करून घ्या. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कुठल्याही टायरच्या दुकानात हेच ऐकायला मिळतं, आणि कंपनीच्या मूळ उंचीवर असलेल्या साध्या गाडीला ते पुष्कळदा लागूही पडतं. पण पाटे, शॅकल आणि टायर बदलून उंच केलेल्या गाडीला हे उत्तर घातक ठरू शकतं. मशीनवरचा माणूस टाय-रॉड फिरवून स्टिअरिंगचं चाक सरळ करून देतो, आपल्याला वाटतं काम झालं, आणि खालचा खरा बिघाड आणखी वाढत राहतो. माझ्या जिप्सीच्या बाबतीत हे असंच घडलं. आपल्या जिल्ह्यात शेतापायी, हौसेपायी अशा उंच केलेल्या गाड्या वापरणारे बरेच जण आहेत, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो.

तुळजापूर तालुक्यात बालाघाटच्या उतारावर आमचं शेत आहे. पावसाळ्यात काळी माती फुगली की पाणंद संपते आणि चिखल सुरू होतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की साधी मोटार पोटावर टेकते. म्हणून जुनी जिप्सी किंग घेतली. ती आधीच्या मालकानं परजिल्ह्यातल्या एका गॅरेजातून उंच करून, म्हणजे लिफ्ट करून, घेतलेली होती. दोन इंच जास्त बाक असलेले जाड पाटे, लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कड्या), रुंद मड टायर आणि मडगार्डच्या बाहेर आलेल्या रिमा. दिसायला रुबाबदार. चालवताना मात्र हात सतत किंचित उजवीकडं धरावा लागायचा.

डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. पाणी वाहून जावं म्हणून मीटरला दोन सेंटिमीटरच्या आसपास ढाळ ठेवतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळं कुठलीही निरोगी गाडी हात सोडला तर हळूहळू डावीकडं सरकतेच. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या चौपदरी महामार्गावर तर आपल्या बाजूच्या दोन्ही पदरांचा ढाळ बहुतेक ठिकाणी डाव्या कडेलाच आहे. म्हणजे तिथं गाडी डावीकडं गेली तर तो दोष गाडीचा की रस्त्याचा, हे कळत नाही. मला सुरुवातीला सगळ्यांनी ‘रस्त्याला ढाळ आहे, मालक’ असंच सांगितलं. हे पडताळायला सपाट, रिकामी जागा लागते : सुट्टीच्या दिवशीचा औद्योगिक वसाहतीतला रस्ता, बाजार समितीचं मोकळं आवार. एकाच जागेवरून आधी जाताना आणि मग उलट दिशेनं येताना बघायचं. ढाळाचा परिणाम असेल तर परतीच्या वेळी ओढ दुसऱ्या हाताला जाते. माझी गाडी जातानाही डावीकडं आणि येतानाही डावीकडंच जात होती. तेव्हा प्रश्न रस्त्याचा नव्हता.

मग अलाइनमेंट झालं. चाक सरळ झालं, ओढ थोडी कमी वाटली आणि काही दिवसांत परत आली. दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच. मग टायर बदला म्हणाले. कुणीही गाडीखाली वाकून पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कोजागरीच्या आधीच्या दिवसांत सोलापूरहून आणि कर्नाटकातून तुळजाभवानीच्या दर्शनाला हजारो माणसं पायी येतात. रस्त्याच्या डाव्या कडेनं, रात्रंदिवस, बायका-पोरांसह. त्या दिवसांत सोलापूरहून परत येताना तामलवाडीच्या पुढं समोरच्या गाडीनं वेग कमी केला म्हणून मी ब्रेक दाबला. खाली ‘टक्’ असा आवाज झाला आणि गाडी एकदम डावीकडं साइडपट्टीवर गेली. चालणारी माणसं ओरडत बाजूला झाली. कुणाला लागलं नाही. मी गाडी तिथंच उभी केली आणि त्या दिवशी पुढं चालवली नाही.

हा सगळा खटाटोप मी ज्या कारणासाठी गंभीरपणे घेतो ते हेच आहे. उजवीकडं ओढणारी गाडी समोरच्या वाहनावर जाते, डावीकडं ओढणारी गाडी आपल्याकडं माणसांवर जाते. पायी चालणारे यात्रेकरू, सायकलीवरची शाळेची मुलं, ऊसतोडीच्या बैलगाड्या, सगळे डाव्या कडेलाच असतात. ‘थोडीशी ओढते, सवय होते’ हे वाक्य मी तेव्हापासून कुणाच्या तोंडून ऐकून घेत नाही.

बिघाड सापडला तो नळदुर्गजवळ. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकचे पाटे बसवणारे एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्याकडं अलाइनमेंटचं मशीन नाही. मी सांगू लागलो की गाडी डावीकडं ओढते, तर ते म्हणाले, “कुठं वढायलीय ते सांगू नका मालक. कधी वढायलीय ते सांगा.”

या एका प्रश्नानं अर्धं काम होतं. सारख्या वेगात, सरळ रस्त्यावर कायम ओढते का? की ब्रेक दाबल्यावरच? की खड्ड्यातून गेल्यावर क्षणभर? की एखादं वळण घेतल्यावर त्याच बाजूला ओढत राहते? चारही प्रश्नांची उत्तरं चार निरनिराळ्या जागांकडं बोट दाखवतात. वळणानंतर त्याच बाजूला रेंगाळत असेल, म्हणजे उजवं वळण घेतल्यावर उजवीकडं आणि डावं घेतल्यावर डावीकडं, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे ज्यांवर चाक वळतं ते सांधे, घट्ट धरले आहेत. खड्ड्यावर चाक आपोआप वळत असेल तर ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडं जाणारा दांडा, लिफ्टमुळं फार तिरका झाला आहे. पाटे दबले-उठले की तो दांडा चाकाला ढकलतो. फक्त ब्रेकवर ओढत असेल तर आधी कॅलिपर बघायचा. कायम ओढत असेल तर टायर आणि एक्सलची जागा.

माझं उत्तर विचित्र होतं. कायम थोडी ओढते, ब्रेकवर जास्त ओढते, आणि शेतातून फोर-व्हीलमध्ये चढ चढून वर आलं की काही वेळ कमी ओढते. ही शेवटची गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती, कारण तिचा संबंध कळत नव्हता. चाचांनी मात्र ती ऐकताच मान हलवली.

तरी त्यांनी थेट तिथं हात घातला नाही. आधी चारही टायरमधली हवा मोजली, टायर थंड असताना. मग पुढची दोन चाकं आपसात बदलली. टायरच्या आतले थर बांधताना ते किंचित शंकूसारखे झाले असतील तर टायर एका बाजूला लोळत जातो. मोठ्या मड टायरमध्ये हे कमी नसतं, आणि बाहेरून डोळ्यांना काही दिसत नाही. चाकं बदलल्यावर ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा, आणि मग बाकी काहीही उघडायची गरज नाही. एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील, तर ही अदलाबदल फक्त चाचणीपुरती, कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात करावी. माझ्या गाडीची ओढ बदलली नाही.

मग ब्रेक. पाच-सहा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न दाबता थांबायचं आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथं ब्रेक चिकटतो आहे. आपल्या काळ्या मातीत हे नेहमीचं आहे. चिखल कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर सुकून बसतो आणि पॅड मागं येत नाही. याच मातीमुळं आणखी एक गोंधळ होतो : रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर चिकटला की गाडी थरथरते, आणि लोक त्याला ओढ समजतात. ओढणं वेगळं, थरथरणं वेगळं. आधी चाकं आतून धुऊन घ्यावीत. फ्री-व्हील हब असतील तर दोन्ही एकाच स्थितीत आहेत का, हेही बघून टाकावं, मिनिटाचं काम आहे. माझे ब्रेक ठीक निघाले.

मग आला ओळंबा. गवंडी वापरतात तोच. गाडी सपाट फरशीवर उभी, स्टिअरिंग सरळ. प्रत्येक चाकाच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खूण केली, आणि डाव्या बाजूचं पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर आणि उजव्या बाजूचं अंतर टेपनं मोजलं. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. उजवी बाजू जवळपास तेवढीच भरली. डावी बाजू जवळजवळ बोटभर कमी. कर्णही मोजले तेव्हा खात्री पटली : मागचा एक्सल जागेवर होता, पुढचा एक्सल डाव्या टोकाला मागं सरकला होता. जिकडं व्हीलबेस कमी, तिकडं गाडी ओढते. इतकं साधं माप, पण ते घ्यायला मशीन लागत नाही म्हणूनच कदाचित कुणी घेत नाही.

चाचांनी गॅरेजातल्या पोराला गाडीत बसवलं, गाडी हळू पुढं-मागं नेत ब्रेक दाबायला सांगितला, आणि मला बाजूला बसून डाव्या पाट्यांकडं बघायला लावलं. पुढं जाताना ब्रेक दाबला की एक्सल पाट्यावर मागं सरकत होता, मागं येताना दाबला की पुढं. पाट्याच्या बैठकीशेजारी गंज घासून गेलेली चकचकीत पट्टी दिसत होती. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या छिद्रात बसतं आणि एक्सलला जागा धरून ठेवतं. तो बोल्ट तुटला होता. एक्सल फक्त यू-बोल्टच्या पकडीवर होता, आणि ते सैल होते. साध्या चालीत पुढचा एक्सल ओढला जातो म्हणून मागं सरकायचा. फोर-व्हीलमध्ये चढ चढताना तोच एक्सल गाडीला ओढायचा आणि पुढं यायचा. म्हणून शेतातून आल्यावर ओढ कमी.

बोल्ट का तुटला, हे त्याहून महत्त्वाचं. लिफ्ट करताना एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर घालतात. लांब शॅकलमुळं जिप्सीसारख्या गाडीत पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, एक्सल पुढं झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागं असलेला कल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती सरळ चालते, तसाच. तो कमी झाला की स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं होतं. कल परत आणायला पाचर घालतात. माझ्या गाडीत उजव्या पाचरेची जाड बाजू एकीकडं होती आणि डाव्या पाचरेची दुसरीकडं. एक पाचर एक्सलला मागं कलवायची आणि दुसरी पुढं. एक्सलची नळी अखंड असते, ती सहजासहजी पिळली जात नाही. पिळले जातात ते पाटे. ते बैठकीवर पूर्ण टेकत नाहीत, यू-बोल्ट हळूहळू ढिले होतात, आणि सगळा भार त्या एका सेंटर बोल्टवर येतो.

अखंड एक्सलच्या गाडीत ‘डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक आहे, म्हणून ओढते’ असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा की एक्सल वाकला आहे का. कारण दोन्ही चाकांचा कल एकाच नळीवर ठरतो, ती वाकल्या-पिळल्याशिवाय फरक पडत नाही. तिथं कमी कॅस्टर स्वतः ओढत नाही, पण ढाळ, चाकोरी, टायर, जे काही गाडीला ढकलेल त्याला ती लगेच वश होते. अलाइनमेंटवाल्याला अशा गाडीत फक्त टो, म्हणजे चाकांची पुढून-मागून असलेली मिळवणी, बदलता येते. आणि टो चुकला तर टायर खाल्ले जातात, गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. चारही चाकांच्या मशीनवर निघणाऱ्या कागदात सेटबॅक आणि थ्रस्ट अँगल अशा दोन ओळी असतात. तो कागद घरी न्यायच्या आधी त्या ओळी वाचून दाखवायला सांगा. एक्सल सरकला असेल तर तिथं दिसतं.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांचं गणित वेगळं. २०१० ते २०२० या काळातल्या सीआरडीई थारला पुढं टॉर्शन बार आहेत. ते पिळून गाडी उंच करायची स्वस्त युक्ती सगळीकडं चालते. एक बार जास्त पिळला गेला की दोन बाजूंची उंची वेगळी, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, वेगळा, आणि ज्या चाकाचा माथा बाहेर झुकतो तिकडं गाडी जाते. अशा गाडीत पहिलं माप हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतच्या उंचीचं, दोन्ही बाजूंनी. २०२० नंतरच्या थारला पुढं कॉइल आहेत, तिथं डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये खरोखरच फरक पडू शकतो आणि मशीनचा उपयोगही होतो. जिम्नीला पुढंमागं अखंड एक्सल कॉइलवर आहेत. एक्सलला आडवं धरणारा दांडा असतो, लिफ्ट केली की तो एक्सलला एका बाजूला खेचतो. गाडीच्या मागं दूर उभं राहून चाकं दोन्हीकडं सारखी बाहेर दिसतात का, ते बघावं.

बाहेर आलेल्या रिमांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. चाक जितकं बाहेर, तितका किंगपिनच्या रेषेपासून टायर लांब, आणि तितका प्रत्येक खड्ड्याचा, ब्रेकमधल्या किंचित फरकाचा झटका स्टिअरिंगला मोठा बसतो. दिखाव्यापलीकडं त्यांचा शेतात काहीही फायदा नाही. मी त्या काढल्या.

पाटे खोलताना काही गोष्टी आग्रहानं करून घ्याव्यात. यू-बोल्ट नवेच घालावेत, एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. नट टॉर्क रेंचनं, फुलीच्या क्रमानं आवळावेत, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, मग पाचशेनंतर, पुन्हा आवळावेत. ओढीचा दोष सापडला तरी स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि तिथली चॅसी तारेच्या ब्रशनं घासून बघावी. मोठ्या टायरचा भार तिथं येतो आणि बारीक तडे रंगाखाली लपतात. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नये. स्टँड नसेल तर जाड लाकडी ठोकळे ठेवावेत.

कायद्याची बाजू लिफ्ट करणारे क्वचित सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्या कोजागरीच्या रस्त्यावर कुणाला धक्का लागला असता, तर विम्याच्या माणसानं पहिला प्रश्न शॅकलचाच विचारला असता.

पाचर नीट बसवून, नवे बोल्ट घालून गाडी सरळ चालू लागली. तरी मी पुढं लिफ्टच काढून टाकली, आणि त्याचं कारण चाचांनी दाखवलं. अखंड एक्सलच्या गाडीत जमिनीला सगळ्यांत आधी टेकतो तो एक्सलच्या मधला गोळा, डिफरन्शियलचा. पाटे कितीही उंच करा, तो तिथंच राहतो, वर जाते ती फक्त बॉडी. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, तो मूळ रिमवर आणि मूळ पाट्यावर बसेल एवढाच. मूळ उंचीचे पाटे, मूळ शॅकल, कंपनीनं सांगितलेल्या मापाचे पण चांगल्या खोल नक्षीचे टायर, एवढ्यावर गाडी आमच्या पाणंदीतून चाकोरी टाळून व्यवस्थित येते. चिखल फार झाला की ट्रॅक्टर नेतो.

उंच केलेली जुनी गाडी घेणार असाल तर टोकन देण्याआधी ओळंबा, खडू आणि टेप घेऊन जा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, दोन्ही पाचरांच्या जाड कडा एकाच दिशेला आहेत का ते वाकून बघा, पाट्याच्या बैठकीशेजारी घासलेली चकाकी शोधा. मग सपाट जागेवर जाऊन-येऊन चालवा आणि दोन्ही हात सैल ठेवून ब्रेक दाबा. मोजायला वेळ द्यायला मालक तयार नसेल तर गाडी घेऊ नका.